दारात आलेले विद्यापीठ

आजच्या लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या मुलाला पदवीसाठी किती लांब जावे लागे, याचा हिशेब मांडला की मराठवाड्याच्या शंभर वर्षांच्या शिक्षणाचा इतिहास समोर उभा राहतो. निजामाच्या राजवटीत शिरूरसह निलंग्याचा हा सगळा टापू बीदर जिल्ह्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, १९१८ साली स्थापन झालेले. तिथे शिकवणे उर्दूतून चाले. गावातल्या मराठी मुलाला आधी भाषेचा उंबरा ओलांडावा लागे, मग प्रवासाचा, मग खर्चाचा. हे तिन्ही ओलांडणारे बोटांवर मोजण्याइतके होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादेतील महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद, सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तोवर निलंगा तालुका बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आला होता. १९६१ साली लातूरला दयानंद महाविद्यालय आले, १९७० साली राजर्षी शाहू. १९८२ साली लातूर जिल्हा झाला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले आणि लातूर जिल्हा त्याला जोडला गेला. पुढे शिरूर अनंतपाळ स्वतंत्र तालुका झाला.

विद्यापीठ असे टप्प्याटप्प्याने जवळ येत गेले. आजचा टप्पा सर्वांत मोठा आहे. तालुक्यातल्या साकोळ, येरोळ किंवा उजेडमध्ये बसून मान्यताप्राप्त विद्यापीठाची पूर्ण पदवी ऑनलाइन घेता येते. विद्यापीठ पुण्याचे असो, चेन्नईचे असो की दिल्लीचे, वर्गात जाऊन बसण्याची अट नाही. ही पुस्तिका त्या शिक्षणाची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहे. अंतर संपले म्हणून शिक्षण आपोआप होत नाही. अंतर संपल्यावर जे काम शिल्लक राहते ते कोणी करायचे आणि कसे, हा या पुस्तिकेचा खरा विषय आहे.

ऑनलाइन पदवी ही कालपरवाची लाट आहे, असा एक समज आहे. तिचे मूळ फार जुने आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. कुठेही शिका, परीक्षा आमची द्या, पदवी आमची घ्या, असा तो मार्ग होता. त्यातून साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतले विद्यार्थी पदवीधर झाले. पण लंडनने परीक्षा खुली केली, शिकवणे नाही. ती उणीव ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने भरून काढली. त्याला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले. घरी वाचून समजेल अशी मुद्दाम लिहिलेली पुस्तके, बीबीसीवरचे पाठ आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक, अशी त्याची रचना होती. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. हैदराबादला १९८२ साली देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले.

महाराष्ट्राचा टप्पा १९८९ चा. त्या वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. दहावी-बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ आणि मग पदवी, अशी वाट त्याने मोकळी केली. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली. रविवारी संपर्कसत्रे भरू लागली आणि तिथे शिकवणाऱ्याला समंत्रक हे नाव मिळाले. पुस्तके मराठीत, विद्यार्थ्याशी बोलत असल्यासारखी लिहिलेली. नोकरी करणारा शिपाई, एसटीचा वाहक, लग्नानंतर शिक्षण सुटलेली बाई, सैन्यातला जवान, तुरुंगातला कैदी, अशा सगळ्यांना या विद्यापीठाने आत घेतले. आज आपल्या तालुक्यात चाळिशी-पन्नाशीतला एखादा माणूस ‘मी बाहेरून बी.ए. केलं’ असे सांगतो, तेव्हा बहुधा त्यामागे नाशिकच असते. ऑनलाइन पदवीबद्दल मराठी माणसाने विचार करायचा तर सुरुवात परदेशी संकेतस्थळांपासून नव्हे, या तीन दशकांहून जुन्या अनुभवापासून करायला हवी.

दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन गोष्टी लोक एकच समजतात. नियमांच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. दूरस्थ शिक्षणात पुस्तके घरी येतात, अभ्यासकेंद्र असते आणि विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राची हद्द पाळावी लागते. ऑनलाइनला ती हद्द नाही. मान्यता मिळालेले भारतीय विद्यापीठ लातूरच्या विद्यार्थ्याला शिकवते तसेच दुबईतल्या, सिंगापुरातल्या किंवा न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्यालाही शिकवू शकते. इथल्या विद्यार्थ्याची ओळख आधारसारख्या सरकारी ओळखपत्रावरून पटवतात, परदेशातल्याची पासपोर्टवरून. आखातात कामाला गेलेला मराठवाड्याचा तरुण आणि गावात राहिलेली त्याची बहीण एकाच वर्गात असू शकतात, ही गोष्ट आपल्या पिढीने प्रथमच पाहिली.

मात्र हा परवाना कोणालाही मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.२६ गुण हवेत, किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय मानांकनाच्या विद्यापीठ-क्रमवारीत आधीच्या तीन फेऱ्यांत किमान दोनदा पहिल्या शंभरात नाव हवे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, विधी अशा पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. पीएच.डी.ही नाही. अभ्यासाची चार अंगे ठरलेली आहेत: चित्रफितीतला पाठ, वाचायचे साहित्य, शंका आणि चर्चेची जागा, आणि मूल्यमापन. या सगळ्यात विद्यार्थ्याचा किमान ७५ टक्के सहभाग असावा लागतो. गुणांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के सत्रभराच्या कामाला आणि किमान ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात. हे सगळे पाळून मिळालेली पदवी नेहमीच्या महाविद्यालयातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, असे आयोगाने २ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केले. तलाठी भरती असो, बँक असो वा पुढचे शिक्षण, मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी खालच्या दर्जाची नाही.

तरीही गावात ऑनलाइन म्हटले की लोकांच्या मनात येतो तो करोनाचा काळ. मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद पडली, प्राध्यापक कॅमेऱ्यासमोर बसले, परीक्षा घरून पर्याय निवडून झाल्या आणि त्या वर्षांच्या मुलांना ‘करोना बॅच’ म्हणून हिणवले गेले. त्या मुलांवर हा अन्याय होता, आणि ऑनलाइन शिक्षणावरही. तेव्हा जे झाले ती अडचणीतली तडजोड होती. मुळात ऑनलाइन म्हणून आखलेल्या अभ्यासक्रमात पाठ छोटे असतात, दर आठवड्याला काम द्यावे लागते, विचारलेल्या शंकेला उत्तर येते आणि परीक्षेची व्यवस्था आधीच ठरलेली असते.

याचे आपल्या देशातले चांगले उदाहरण आयआयटी मद्रासचे आहे. २०२० मध्ये तिने डेटा सायन्सची पदवी सुरू केली. प्रवेशाला जेईई लागत नाही. चार आठवडे शिकायचे, दर आठवड्याचा स्वाध्याय द्यायचा आणि मग पात्रता परीक्षा द्यायची. जो ती पार करेल तो आत. पाठ ऑनलाइन, पण परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर. गरीब घरच्या आणि मागास प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांना शुल्कात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. मध्येच थांबावे लागले तर तोवर पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका हाती पडते. प्रवेश परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या शर्यतीत वर्ष-दोन वर्षे घालवून थकलेल्या मुलांना हा मार्ग ठाऊक असायला हवा. प्रवेशाचे दार रुंद आहे आणि पुढची चढण मुळीच सोपी नाही. चांगल्या ऑनलाइन पदवीची हीच खूण आहे.

आता आपल्या तालुक्यातले वास्तव पाहू. माझ्या ओळखीची एक अंगणवाडी मदतनीस ऑनलाइन बी.ए. करते आहे. घरात चांगला फोन एकच, तो नवऱ्याकडे. तो रात्री आठ-साडेआठला कामावरून येतो. स्वयंपाक, जेवणे, भांडी उरकून ती दहाला फोन हाती घेते. दिवसाच्या दीड जीबीतला बराचसा डेटा तोवर संपलेला असतो. म्हणून तिने मार्ग काढला: बारा वाजता नवा डेटा सुरू झाला की पुढच्या दोन दिवसांचे पाठ उतरवून घ्यायचे आणि नंतर नेट बंद करून ऐकायचे. पाठात आलेला प्रत्येक अडलेला इंग्रजी शब्द ती वहीच्या मागच्या पानावर लिहिते आणि रविवारी गावातल्या शिक्षकांना विचारते. सोयाबीनची रास चालू असताना तिचे तीन आठवडे बुडाले. ‘आपला सहभाग कमी आहे’ असा संदेश तिला आला. तो इंग्रजीत होता. मुलाने वाचून दाखवला तेव्हा तिला कळले.

या बाईला बुद्धी कमी नाही, जिद्द तर मुळीच कमी नाही. तिला तीन गोष्टी मिळत नाहीत: शिकण्याची भाषा, शंका विचारायला माणूस आणि बसायला जागा. ऑनलाइन शिक्षणाचे यश या तीन गोष्टींवर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

भाषेचा प्रश्न सर्वांत आधी. उस्मानियाच्या काळी मराठी मुलाच्या वाटेत उर्दू होती, आज इंग्रजी आहे. बहुतेक ऑनलाइन पदव्यांचे पाठ, सूचना, तक्रारीचे अर्ज सगळे इंग्रजीत असते. इंग्रजी शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. पण अर्थशास्त्र समजून घेण्याआधीच इंग्रजीत अडकून पडायचे, हा अन्यायच. मुक्त विद्यापीठाने मराठीतून विद्यापीठ पातळीचे साहित्य लिहून दाखवले. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाने आपल्या काही अभ्यासक्रमांची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरे केली. म्हणजे हे होऊ शकते. महाराष्ट्रातल्या ज्या विद्यापीठांना ऑनलाइनची मान्यता आहे त्यांनी पहिल्या वर्षाचे पाठ तरी मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्हींत द्यावेत. विद्यार्थ्याकडे येणारा प्रत्येक संदेश तर मराठीत असलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न माणसाचा. जगभरच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभव असा, की नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. कारण पाठ वाईट असतात हे नव्हे. अडल्यावर विचारायला कोणी नसते, मागे पडल्यावर हाक मारणारे कोणी नसते. मुक्त विद्यापीठाच्या संपर्कसत्रात समंत्रक फार थोडा वेळ शिकवत असे. पण ‘मागच्या रविवारी दिसला नाहीत’ असे तो म्हणायचा, आणि तेवढ्याने माणूस टिकायचा. ऑनलाइनमध्ये हे काम चित्रफीत करू शकत नाही. ते शेजारच्या माणसालाच करावे लागते.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि तो परीक्षेच्या वेळी सर्वांत जास्त टोचतो. काही ऑनलाइन परीक्षा घरूनच, कॅमेऱ्याच्या निगराणीखाली द्यायच्या असतात. आधी लॅपटॉप फिरवून खोलीच्या चारही भिंती दाखवायच्या. मग परीक्षाभर खोलीत दुसरे कोणी यायचे नाही, बोलण्याचा आवाज यायचा नाही, नजर पडद्यावरून हलायची नाही. हे नियम ज्याने केले त्याच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली असणार. पत्र्याच्या दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, शेजारी लग्नाचा डीजे वाजत असेल आणि मध्येच लाईट गेली, तर प्रामाणिक विद्यार्थीही संशयित ठरतो. म्हणून माझे सांगणे आहे: जिथे परीक्षा केंद्रावर जाऊन देण्याचा पर्याय आहे असेच विद्यापीठ ग्रामीण विद्यार्थ्याने आधी पाहावे. केंद्र लातूरला असले तरी चालेल. सत्रातून एकदा लातूरला जाणे परवडते. घरून परीक्षा देताना चूक नसताना बाद होणे परवडत नाही. पदवीवर समाजाचा विश्वास बसायचा तर परीक्षा चोख हवी, आणि ती चोख ठेवताना गरीब घर गुन्हेगार ठरू नये.

फसवणुकीविषयी स्पष्ट लिहायलाच हवे, कारण आपल्या भागात दरवर्षी पैसे बुडतात. ‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षेची चिंता नको’, ‘मागच्या तारखेची गुणपत्रिका’ असे सांगणारा माणूस शिक्षण विकत नसतो, कागद विकत असतो. ऑनलाइन पदवीसाठी विद्यापीठाला फ्रँचायझी नेमण्याची परवानगी नाही. प्रवेश आणि शुल्क विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच. वर्षातून दोनदा, जुलैच्या आणि जानेवारीच्या सत्रासाठी प्रवेश होतात. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या त्या सत्रासाठी कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे, याची यादी असते. विद्यापीठाला मान्यता आहे एवढे पुरत नाही, तुमच्या अभ्यासक्रमाचे नाव त्या यादीत हवे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. त्यात आपल्याच राज्यातले, नागपूरचे एक नाव वर्षानुवर्षे आहे. परदेशी विद्यापीठाशी करार करून खासगी कंपन्या भारतात ज्या ऑनलाइन पदव्या देऊ करतात, त्यांना मान्यता नाही, असा इशारा आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. चकचकीत जाहिरातीत हे कधीच लिहिलेले नसते.

आणखी एक बारीक गोष्ट, पण पुढे फार छळणारी. प्रवेशाआधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आणि डीईबी (आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग) आयडी काढावा लागतो. आपल्याकडे हे काम मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात होते. घाईत दुकानदार स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल टाकून मोकळा होतो. मग वर्षभर विद्यार्थ्याचा प्रत्येक ओटीपी आणि परीक्षेची प्रत्येक सूचना त्या दुकानात जाते. दुकानदार चांगला असला तरी तो तुमचा टपालवाला नव्हे. क्रमांक तुमचा, ई-मेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत, एवढे तरी त्या दिवशी दुकानातून उठण्याआधी तपासून घ्या.

पुढील पानांत या क्रमाने माहिती दिली आहे: आधी मान्यता कशी पाहायची, मग अभ्यासक्रम कसा निवडायचा, शुल्क आणि शिष्यवृत्ती, प्रवेशाचे टप्पे, आठवड्याच्या अभ्यासाची आखणी, परीक्षेची तयारी आणि शेवटी तक्रार कुठे करायची. नोकरी करणाऱ्यांसाठी, गृहिणींसाठी आणि बाहेरगावी किंवा परदेशी असलेल्यांसाठी वेगवेगळ्या सूचना आहेत. नियम बदलत राहतात. म्हणून जिथे तारीख किंवा रक्कम येईल तिथे ती प्रवेशाच्या दिवशी संकेतस्थळावर पुन्हा पाहावी.

या पुस्तिकेचा दुसरा वाचक विद्यार्थी नाही. तो गावचा सरपंच आहे, वाचनालयाचा कार्यवाह आहे, शाळेचा मुख्याध्यापक आहे, निवृत्त शिक्षक आहे. उजेडला दरवर्षी जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. गांधीबाबांची यात्रा भरवणाऱ्या या तालुक्याला शिकणाऱ्यांसाठी एक खोली उघडणे अवघड नाही. ग्रामपंचायतीची किंवा वाचनालयाची एक खोली, चालू इंटरनेट, बॅटरीवर चालणारा दिवा, दोन जुने संगणक आणि रविवारी दोन तास बसणारा एक माणूस, इतके पुरे आहे. संध्याकाळी ही खोली बायकांसाठी राखून ठेवावी. परीक्षेच्या दिवशी तिथे शांतता असावी. इमारत नको, अनुदानाची वाट पाहणे नको.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. ऑनलाइन पदवी स्वस्तातली नाही आणि सोपीही नाही. नोकरीची हमी देणाराही तो कागद नव्हे. पण शेती, घर, लेकरे, पगाराची नोकरी यांतले काहीही न सोडता शिकण्याचा तो खरा, सरकारमान्य मार्ग आहे, आणि तुमच्या आईला किंवा आजोबांना तो कधी मिळाला नव्हता. आधी यादी पाहा, कोणा एजंटच्या हातात पैसे देऊ नका, दिवसाचा एक तास घरात सगळ्यांना सांगून आपला ठरवून घ्या आणि एकट्याने शिकू नका, गावातले आणखी दोघे-तिघे बरोबर घ्या. येत्या सत्राच्या प्रवेशाला अजून वेळ असेल, तर आजच सुरुवात करा.